तेवीस किलोची इटली

गाझियाबादेत राहणाऱ्या माणसाला इटली बघायला खरं म्हणजे व्हिसा लागत नाही. पिसाचा कलता मनोरा आणि रोमचं कोलोसियम, दोन्ही सराय काले खाँच्या बागेत एकाच तिकिटात बघायला मिळतात. दिल्लीच्या महापालिकेने २०१९ साली तिथे टाकाऊ लोखंडातून जगातली सात आश्चर्यं उभी केली. जुने पाईप, सायकलींची चाकं, मोटारींचे सुटे भाग असा दीडशे टनांचा ऐवज त्यात गेला. व्हेनिस हवं असेल तर ग्रेटर नोएडात परी चौकाजवळ मॉल आहे. मॉलमध्ये कालवा आहे, कालव्यात गोंडोला आहे आणि वल्हं मारणाऱ्याशी हिंदीत गप्पा मारता येतात. सकाळी पोटभर पोहे खाऊन निघालं तर रोम, पिसा, व्हेनिस आटोपून माणूस रात्रीच्या वरणभाताला घरी.

ही योजना मी घरात मांडली तेव्हा बायको मटार सोलत होती. हात न थांबवता ती म्हणाली, “अहो, लग्न झाल्यापासून तुम्ही मला सगळं नमुन्यातच दाखवत आलात. आता एकदा मूळ प्रत दाखवा.”

तिची पुण्याची बहीण आणि माझे साडू यांनी तर रजेचे अर्जही देऊन टाकले होते. एप्रिलच्या अखेरीस निघायचं ठरलं. तेव्हा तिथली थंडी सरलेली असते आणि इथे डांबर वितळायला लागलेलं असतं.

शेंगेन व्हिसाची कागदपत्रं वाचली की लक्षात येतं, युरोपातल्या २९ देशांना आपल्याविषयी दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. हा माणूस रात्री कुठे झोपणार आणि परत कधी जाणार. त्यासाठी तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेची खातेउताऱ्याची भेंडोळी, आयकराची विवरणपत्रं, ३५ बाय ४५ मिलिमीटरचा अजिबात न हसणारा फोटो आणि या सगळ्याच्या वर दिवसवार तक्ता. अमुक तारखेला अमुक गाव, अमुक हॉटेल. ज्याला मोहननगरचा चौक ओलांडायला आज किती वेळ लागेल हे सांगता येत नाही, त्याने तीन महिन्यांनंतरच्या मंगळवारी आपण फ्लॉरेन्समध्ये नेमके कुठे असू हे लिहायचं आणि खाली सही ठोकायची. आमचं गावच मुळी प्रवाशांच्या मुक्कामातून उभं राहिलेलं. १७४० साली वजीर गाझीउद्दीनाने इथे १२० खोल्यांची सराई बांधली, तिच्याभोवतीचं गाझीउद्दीननगर पुढे गाझियाबाद झालं. त्या सराईत उतरणाऱ्याला आगाऊ बुकिंगचा कागद कोणी विचारला असेल असं वाटत नाही.

तक्ता करण्याचं काम साडूंनी अंगावर घेतलं. ते आयुष्यभर उत्पादन नियोजनात होते. निवृत्तीनंतर नियोजन उरलं आहे, उत्पादन तेवढं थांबलंय. त्यांचा पहिला तक्ता ईमेलने आला तेव्हा त्यात इटलीबरोबर स्वित्झर्लंडही होतं. “एवढं जातोच आहोत तर” हे मराठी माणसाच्या सहलीचं घोषवाक्य आहे. पण शेंगेनचा एक नियम असा की ज्या देशात जास्त रात्री काढणार त्या देशाकडे अर्ज करायचा, आणि रात्री सारख्याच भरल्या तर ज्या देशात पहिलं पाऊल ठेवणार त्याच्याकडे. मग रात्रींचं जागावाटप सुरू झालं. मेहुणीला बर्फ हवा होता, बायकोला व्हेनिस, साडूंना दोन्ही. मला काय हवंय हे कोणी विचारलं नाही, पण जागावाटपात अपक्षांना इतकंच महत्त्व असतं. शेवटी स्वित्झर्लंडच्या रात्री एकेक करून गळत गेल्या आणि बर्फ बघायला आगगाडीच्या खिडकीतून दिसेल तेवढा आल्प्स पुरे असं ठरलं.

स्वित्झर्लंड गेलं तरी तक्ता काही सुटेना, कारण इटलीतल्या प्रत्येक थोर वस्तूचा साप्ताहिक सुट्टीचा वार वेगळा. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद. फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडी, आणि त्या दिवशी फुकट असल्यामुळे सगळं रोम तिथे. फ्लॉरेन्सची उफिझी सोमवारी बंद. मिलानमधलं लिओनार्दोचं ‘शेवटचं जेवण’ही सोमवारी बंद आणि इतर दिवशी आगाऊ वेळ ठरवून, मोजक्या माणसांच्या तुकडीने, फक्त पंधरा मिनिटं. रंगवायला त्याला तीनेक वर्षं लागली होती. त्यात २५ एप्रिलला त्यांचा मुक्तिदिन आणि १ मेला कामगार दिन. “म्हणजे महाराष्ट्र दिन आपण मिलानमध्ये साजरा करू,” साडू म्हणाले. कसा, ते त्यांनी तक्त्यात लिहिलं नव्हतं.

खरी अडचण मात्र कुठल्याच संग्रहालयाच्या संकेतस्थळावर नव्हती. बायकोने कालनिर्णय उघडलं आणि बोट ठेवलं. फ्लॉरेन्सच्या मुक्कामात संकष्टी येत होती. कालनिर्णयात पुणे, मुंबई, नागपूर अशा बऱ्याच गावांचा चंद्रोदय असतो. फ्लॉरेन्सचा नसतो. शेजारच्या मुलाने मोबाइलवर गणित करून दिलं तर तो निघाला मध्यरात्रीच्या आसपास. एक तर उन्हाळ्यात तिथली घड्याळं तासभर पुढे सरकवलेली असतात, दुसरं म्हणजे गाव इतकं उत्तरेला की वसंतातला चतुर्थीचा चंद्र फार रेंगाळत वर येतो. दिवसभर उपाशी पोटी मिकेलांजेलो बघायचा आणि मध्यरात्री बंद झालेल्या हॉटेलांच्या रस्त्यावर उभं राहून चंद्र शोधायचा, यावर घरात दोन दिवस गंभीर शांतता होती. तोडगा काढला तो सासूबाईंनी, पुण्याहून, फोनवर. त्यांचं म्हणणं, गणपती घरचा तर चंद्रही घरचाच धरावा. पुण्यात रात्री दहाच्या सुमाराला चंद्र उगवला की इटलीत संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. त्यांनी गच्चीवर जाऊन फोनमधून चंद्र दाखवायचा, फ्लॉरेन्समध्ये हात जोडायचे आणि जेवायला बसायचं. धर्मशास्त्रात हे कितपत बसतं ते ठाऊक नाही, पण तक्त्यात बसलं. साडूंनी तिथे ‘सायं. ६.३०, चंद्रदर्शन (पुणे)’ अशी नोंद केली. पुढे बरेच दिवस मला धास्ती होती की हा कागद वकिलातीत गेला तर साहेब काय समजेल.

दरम्यान मी वाचन सुरू केलं होतं. मीना प्रभूंचं ‘रोमराज्य’ एका मित्राकडून आणलं. दोन भाग, चांगले जाडजूड. वाचून झाल्यावर असं वाटायला लागलं की आता आपण गेलो नाही तरी चालेल, इतकं सगळं त्या बाई बघून आल्या आहेत. मग तोंडाची चव बदलायला गोडसे भटजी काढले. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली चुलत्याबरोबर निघाला तो ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाला, चार पैसे दक्षिणा मिळेल म्हणून. यज्ञ मथुरेला व्हायचा होता. भटजी पोहोचले झाशीच्या वेढ्यात. त्यांच्याकडून कोणी दिवसवार तक्ता भरून घेतला असता तर मराठीला ‘माझा प्रवास’ मिळालं नसतं. हे मी साडूंना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “म्हणूनच आपण कन्फर्म तिकिटं काढतोय.”

तक्त्यात माझी स्वतःची अशी एकच भर आहे. मी मूळचा माणगाव तालुक्यातला. माणगावात तहसील कचेरीसमोर एका सैनिकाचा पुतळा आहे, नाईक यशवंत घाडगे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीचे. शाळेत जाता येता तो पुतळा दिसायचा. खाली ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ हे शब्द वाचले होते, पण तो माणूस कुठे पडला हे त्या वयात विचारलं नव्हतं. ते पडले इटलीत, १० जुलै १९४४ रोजी, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. समोरून मशीनगन चालू होती, त्यांच्या तुकडीतली बाकीची सगळी माणसं मेली तरी होती किंवा जखमी तरी. तेव्हा बावीस वर्षांचा हा पोरगा एकटा त्या मशीनगनवर चालून गेला, हातबाँबने ती बंद पाडली, उरलेल्यांना गोळीने आणि बंदुकीच्या दस्त्याने निपटलं आणि मग दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी गेला. कासिनोच्या युद्धस्मारकावर त्यांचं नाव आहे. शिवाय २०२३ च्या जुलैमध्ये पेरुजाजवळच्या मोंतोने गावात त्यांच्या नावाचं स्मारक उभं राहिलं. सूर्यघडीचं आहे, आणि तिच्यावर आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचं लॅटिन वाक्य आहे.

साडूंच्या तक्त्यात टायबर होती, पण रोममधली, ‘पूल, फोटो, १० मिनिटं’ एवढीच. मी म्हटलं, मोंतोनेला एक दिवस. त्यांनी विचारलं, गाडी जाते का? पेरुजापर्यंत जाते, पुढे टॅक्सी करायची. बघण्यासारखं काय आहे? मी जरा गप्प राहिलो. मग मेहुणीचा आवाज आला, “भावोजी, एक दिवस घालूच. पिसाला काय, नाहीतरी मनोऱ्याला हात लावल्यासारखा फोटोच काढायचाय.” पिसा अर्ध्या दिवसावर आलं. १९९० पासून अकरा वर्षं बंद ठेवून त्या मनोऱ्याचा कल थोडा कमी केला, आता तो आणखी बरीच वर्षं पडत नाही असं म्हणतात. तेव्हा घाई नाही. रायगड जिल्ह्यातला एक पोरगा आमच्या ऐंशी वर्षं आधी इटलीला जाऊन आला नाही, तिथेच राहिला. त्याच्या पडशीत आरामशीर कपडे नव्हते, एवढंच माझ्या मनात राहून राहून येत होतं, कारण आमच्या घरात तेव्हा दुसरा विषयच नव्हता.

साडूंच्या यादीची पहिली ओळ होती : आरामशीर कपडे घ्यावेत. वाचायला सोपी. माझ्या मते जगातला सर्वांत आरामशीर पोशाख म्हणजे तीन वर्षं धुऊन मऊ झालेला पायजमा आणि बनियन. बायकोच्या मते सुती गाऊन आणि सब्जीवाल्याने हाक मारली तर त्यावर टाकायला ओढणी. या पोशाखात आम्ही आयुष्यातली सर्वांत सुखाची वर्षं काढली. पण हे कपडे बॅगेत ठेवताना मी पकडला गेलो तेव्हा बायको म्हणाली, “रोमला हे?” मग आरामशीर कपडे विकत घ्यायची मोहीम निघाली. ज्यांना आरामाची कधी गरज पडली नव्हती असे आम्ही दोघं आरामासाठी तुराबनगरच्या गर्दीत धक्के खात हिंडलो. तिथे मनासारखं मिळेना म्हणून यमुनेपलीकडे न जाता गांधीनगर, आणि यमुनेपलीकडे जाऊन सरोजिनीनगर.

सरोजिनीनगरला मला लिननचा एक शर्ट मिळाला. निर्यातीतून उरलेला माल, आतली पट्टी अर्धी कापलेली, उरलेल्या अर्ध्यावर इटालियन वाटतील अशी अक्षरं. नोएडाच्या किंवा गुडगावच्या एखाद्या कारखान्यात शिवून जो शर्ट मिलानला जायचा राहिला, तो आता मी स्वखर्चाने पोचता करणार होतो. लिनन म्हणजे सुखाचा कळस असं दुकानदार म्हणाला. घालायला खरंच हलका. पण आमच्या सोसायटीच्या गेटाशी कडुनिंबाखाली टेबल मांडून बसणाऱ्या प्रेसवाल्याने तो उलटा सुलटा करून बघितला आणि विचारलं, “अंकल जी, वहाँ प्रेसवाला मिलेगा?” मी नाही म्हटल्यावर त्याने शर्ट घडी न घालता परत दिला. त्याच्या लेखी विषय संपला होता.

वरच्या मजल्यावरच्या आंटी मागच्या वर्षी इटलीला जाऊन आल्या. त्या आल्या की बायको वही घेऊन बसते. आंटींनी सांगितलेली मेख माझ्याही कधी लक्षात आली नसती. तिथे सकाळ संध्याकाळ गारवा असतो, म्हणून माणूस जॅकेट चढवतो, आणि मग फोटोत खालचा कुडता दिसतच नाही. रोममध्ये तेच जॅकेट, व्हेनिसमध्ये तेच जॅकेट. दहा दिवसांचा प्रवास फोटोत एका दिवसाचा वाटतो. “भाभी जी, लोग समझेंगे एक ही दिन में सब निपटा दिया.” त्यामुळे बायकोच्या बॅगेत तीन जॅकेटं गेली. मुद्दा बिनतोड आहे. पण हे ‘लोग’ कोण? रोममध्ये आम्हाला ओळखणारं कुत्रं नाही. तिथे मी रोज तोच सदरा घालून हिंडलो तर कोणाचं लक्ष जाणार नाही, आणि गेलंच तर ते इटालियनमध्ये जाईल. ज्यांच्यासाठी आम्ही इस्त्री, रंगसंगती आणि तीन जॅकेटं यांचा विचार करत होतो ते सगळे इंदिरापुरम, वैशाली, वसुंधरा आणि कोथरूड इथे राहतात. त्यांच्यासमोर आम्ही रोज गाऊन आणि पायजम्यात वावरतो. म्हणजे जिथे सगळे ओळखतात तिथे आरामात राहायचं आणि जिथे कोणी ओळखत नाही तिथे नटायचं. तेही पुन्हा पहिल्यांनाच दाखवायला. हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “मग पायजमा घ्या ना, कोण अडवतंय. फक्त फोटोत येऊ नका.”

अडवणारे आहेत, पण पायजम्याला नव्हे. सेंट पीटर्सच्या दारात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर परत पाठवतात. मिलानच्या मोठ्या चर्चमध्येही तसंच. साडूंनी लक्ष्मी रोडवरून आराम म्हणून चार बर्म्युडा घेतल्या होत्या. त्या चारही तिथे बाद. बायकोचे सलवार-कुडते आणि मेहुणीच्या साड्या मात्र पोपच्या परीक्षेत पहिल्या झटक्यात पास. मेहुणीकडे शिवलेली नऊवारीही आहे, जी पँटसारखी पाय घालून चढवता येते. ती नेसून, म्हणजे चढवून, कोलोसियमसमोर फोटो काढायचा तिचा बेत आहे. साडूंनी शेवटी बर्म्युडा बदलून थ्री-फोर्थ आणल्या, ज्या गुडघ्याखाली चार बोटं येतात. आपल्याकडच्या निवृत्त पुरुषांत ही चीज इतकी लोकप्रिय का, ते मला त्या दिवशी कळलं. तीत अर्धी चड्डीही आहे आणि अब्रूही.

पायाचा प्रश्न जास्त नाजूक होता. रोमचे जुने रस्ते काळ्या बसाल्टच्या चौकोनी दगडांचे, मधल्या फटींत टाच अडकते. आंटींनी नवे बूट महिनाभर आधी घालून पाय रुळवायला सांगितलं होतं. सगळे त्यासाठी स्वर्णजयंती पार्कात फेऱ्या मारतात. मी मारल्या नाहीत. बागेतली वाट सपाट आहे, तिच्यावर रोमची तयारी कशी होणार? मी इंदिरापुरमच्या पदपथांवर चाललो. तिथे एक फरशी वर, दुसरी खाली, तिसरी नाहीच, चौथीवर मोटारसायकल. महिनाभरात घोट्यांना असं वळण लागलं की कोलोसियमभोवतीचे दगड मला आता गालिचा वाटतील. दोनतीनदा लोकांनी थांबवून “अंकल जी, पार्क उधर है” असं सांगितलं, तेवढंच.

साडू मात्र बुटांवर समाधानी नव्हते. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन सोहळ्यात प्राडाने पुरुष मॉडेलांच्या पायांत हुबेहूब कोल्हापुरी चपला घातल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. महाराष्ट्रात आरडाओरडा झाला, तेव्हा त्यांनी ही प्रेरणा भारतातली असल्याचं मान्य केलं. कोल्हापुरीला २०१९ सालीच भौगोलिक मानांकन मिळालं आहे, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. साडूंच्या मनात ते बसलं होतं. मिलानमध्ये आपण मूळ प्रत घालून फिरायचं, असा त्यांनी पण केला. नवी कोल्हापुरी चावते, म्हणून पंधरा दिवस ती तेलात मुरवली. मेहुणीच्या म्हणण्याप्रमाणे घरात लोणच्यापेक्षा जास्त तेल चपलांना लागलं. चावायची थांबली, पण करकर काही गेली नाही. सिस्टिन चॅपेलमध्ये पहारेकरी सारखे लोकांना गप्प राहायला सांगत असतात. तिथे साडू मिकेलांजेलोखालून करकरत जातील तेव्हा महाराष्ट्राची बाजू आपोआप मांडली जाईल.

कपड्यांच्या वर खाऊ. इथे युरोपीय संघाचा कायदा आडवा येतो. बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप गेलं, पेढे गेले, श्रीखंड गेलं. फळांना रोगमुक्तीचा दाखला लागतो, म्हणजे ऐन एप्रिलात हापूसही गेला. पाच फळांना मात्र दाखला माफ : अननस, केळं, खजूर, ड्युरियन आणि नारळ. नारळ! ब्रसेल्समध्ये कोणीतरी कोकणी माणूस बसला असावा. मी उत्साहाने ही बातमी बायकोला दिली, तर तिने आपल्याकडच्या विमानतळाचा नियम दाखवला. सुकं खोबरं सामानात चालत नाही, कारण त्यातलं तेल तापलं तर पेट घेऊ शकतं. ओला नारळ इटलीत नेऊन सोलायचा कशाने, यावर चर्चा आटोपली. आमच्या घरी शाकाहार, आणि ज्याच्या किसाशिवाय तिथे ताट पुढे येत नाही ते पार्मेजान वासराच्या पोटातल्या रेनेटने जमवतात. ते आपलं तूप घेत नाहीत, आम्ही त्यांचं चीज घेत नाही. व्यवहार बरोबरीत सुटला. बाकरवडी, भाजणी, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं यांना मात्र कोणाचीच हरकत नव्हती. लोणचं प्लास्टिकच्या चार पिशव्यांत बांधून तीन जॅकेटांच्या मधोमध गेलं.

विमान कंपनीची मर्यादा माणशी २३ किलो. ती मला जाचक वाटत नाही. व्हेनिसमध्ये चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत, बॅगेला चाकं असली तरी तिथे ती उचलावीच लागते. तेवीस किलो ही विमानाची नव्हे, माझ्या कमरेची मर्यादा आहे. दमून बसायचं म्हटलं तर रोमच्या स्पॅनिश स्टेप्सवर बसायला २०१९ पासून बंदी आहे आणि दंड चारशे युरोंपर्यंत. एवढ्या पैशांत गाझियाबादेत सोफा येतो.

वजन करायला घरात काटा नाही. रविवारी सकाळी “कबाड़ीऽऽ” अशी हाक आली तेव्हा बायकोला सुचलं. त्याच्याकडे आकड्याला टांगायचा डिजिटल काटा असतो, त्याला वर बोलावलं. त्याने बॅग अशी सहज उचलून टांगली की मला माझ्या कमरेची लाज वाटली. सव्वीस किलो तीनशे ग्रॅम. मग जिन्यातच बॅग उघडली आणि काय काढायचं यावर वाद सुरू झाला. पैठणीला हात लावायचा नाही असं आधीच ठरलं होतं. लोणचं काढायचं नाही. एक जॅकेट निघालं, दुसरं निघून पुन्हा आत गेलं. माझा लिननचा शर्ट बायकोने काढला, तो अवघा दोनशे ग्रॅमचा, पण तिला त्याचं निमित्त हवं होतं. विमानात वाचायला ठेवलेले ‘रोमराज्य’चे दोन्ही भाग निघाले तेव्हा काटा धाडकन खाली आला. दरम्यान पायजमा कोणाच्याही लक्षात न येता तळाशी राहून गेला. बावीस किलो नऊशे. कबाडीवाला एकेका वस्तूकडे बघून मान हलवत होता, बहुधा मनातल्या मनात भाव लावत असावा.

वजनाचे पैसे तो घेईना. “और कुछ देना है?” त्याने विचारलं. मी कपाटातून कागदांचा गठ्ठा आणला. साडूंनी पाठवलेले तक्ते होते, मी एकेक छापून घेतलेले : स्वित्झर्लंडसकट, स्वित्झर्लंडशिवाय, उफिझी सोमवारी, उफिझी मंगळवारी, संकष्टीपूर्वीचा, संकष्टीनंतरचा, मोंतोने घातलेला. त्याने दोन बोटांत एक कागद चोळून पाहिला. “ये सफ़ेद वाला है, इसका रेट अख़बार से ज़्यादा मिलेगा.”

“थांबा,” बायको म्हणाली, “वकिलातीत द्यायचा तो त्यातच असेल. आधी शेवटचा कुठला ते बघा.”

तो काटा गळ्यात अडकवून पायरीवर बसला आणि आम्ही दोघं गठ्ठा उपसायला लागलो. सगळ्याच कागदांवर साडूंनी वर ठळक अक्षरांत ‘अंतिम’ असं लिहिलं होतं.